सोनखत समुद्रात!

गिरगावातल्या वाड्यांची नावे एकदा सावकाश उच्चारून पाहावीत. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी. आज जिथे चाळी आणि टॉवर दाटीवाटीने उभे आहेत, तिथे एकेकाळी झाडेपेडे होती, हे ही नावेच सांगतात. आता भाजी येते नाशिक-पुण्याकडून. ती आपण खातो, आणि तिच्याबरोबर आलेला शेतजमिनीचा कस दुसऱ्या दिवशी सकाळी गटारात जातो. तिथून वरळीचे लव्हग्रोव्ह केंद्र आणि पुढे सुमारे साडेतीन किलोमीटरच्या वाहिनीने अरबी समुद्र, हा त्याचा वर्षानुवर्षांचा प्रवास. शेताकडे परत काहीच जात नाही.

रविवारच्या चहाबरोबर वाचण्याचा हा विषय नव्हे, हे मान्य. पण आपल्या भाषेने या वस्तूला 'सोनखत' म्हटले, ते उगाच नाही. नत्र, स्फुरद, पालाश ही तिन्ही अन्नद्रव्ये त्यात असतात. पैकी नत्र हवेतून कारखान्यात मिळवता येते. स्फुरद मात्र खाणीतूनच काढावे लागते, आणि जगातल्या साठ्यांचा फार मोठा भाग एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहे. आपल्याला डीएपी आणि त्याचा कच्चा माल बाहेरून आणावा लागतो.

थोडा हिशेब करू. माणसामागे रोज एक ग्रॅमच शुद्ध स्फुरद बाहेर पडते असे धरले, तरी 2011 च्या जनगणनेतल्या 1 कोटी 24 लाख मुंबईकरांचे रोजचे बारा टन होतात. डीएपीच्या पन्नास किलोच्या पोत्यात ते साधारण दहा किलो असते. म्हणजे रोजची बाराशे पोती! सगळे हाती लागणार नाही, पण निम्मे लागले तरी ते थोडे नव्हे.

मग जुनीच वाट का धरू नये? कारण ती वाट कोणाच्या डोक्यावरून जात होती, हे विसरता येत नाही. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण केले. पुढे 1948 मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभारला. मैला कोणाला वाहावा लागू नये आणि त्याचे खतही व्हावे, असे संडास त्यांनी तिथे रूढ केले. खत आणि माणसाची प्रतिष्ठा हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे मानले नाहीत. मुंबईनेही कधीकाळी असे प्रयोग केले होते. माटुंग्याच्या कुष्ठधामातल्या मैलाटाक्यांचा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवल्याची 1897 ची नोंद आहे.

आज हे काम यंत्रे करू शकतात. सांडपाण्याच्या गाळातून निघणाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम मिसळले की स्ट्रुव्हाइट नावाचे स्फटिक तयार होतात. एका प्रकारच्या मुतखड्यातही हाच पदार्थ असतो! शेतात तो सावकाश विरघळणारे खत ठरतो. जर्मनीने 2017 मध्ये नियम करून मोठ्या केंद्रांना 2029 पासून गाळातले स्फुरद परत मिळवणे बंधनकारक केले आहे.

आपल्याकडे जानेवारी 2023 मध्ये मुंबईतील सात मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकूण क्षमता रोज 2,464 दशलक्ष लिटर. एकट्या वरळीची 500. पाणी स्वच्छ करून सोडणे हा त्यांचा मुख्य हेतू, आणि तो रास्तच आहे. पण पाण्यातून काढलेले स्फुरद गाळात जाऊन बसते. तो गाळ कचराभूमीवर टाकला, तर सोने समुद्राऐवजी डोंगरावर गेले, एवढाच फरक.

अर्थात गाळ जसाच्या तसा शेतात टाकणे धोक्याचे. त्यात रोगजंतू असतात आणि कारखान्यांचे पाणी मिसळले की जड धातूही येतात. म्हणून कारखान्यांचे पाणी वेगळे ठेवणे, प्रत्येक खेपेची तपासणी करणे आणि तिचे आकडे शेतकऱ्याला उघड दाखवणे, ही पथ्ये पाळावीच लागतील. त्याचा विश्वास एकदा उडाला, तर पोते फुकट दिले तरी तो घेणार नाही.

केंद्रांवर खर्च आपल्याच करातून होतो आहे. तेव्हा पाणी किती स्वच्छ होणार, एवढेच विचारून भागणार नाही. गाळाचे काय करणार, हेही महापालिकेला विचारले पाहिजे.