चिठ्ठीची पाठचिकित्सा

निसर्गेतिहास संग्रहालयांतील नमुन्यांचे संगणकीकरण हा विषय आम्हां मराठीच्या अध्यापकांचा नव्हे, असे आम्हीही बराच काळ मानत होतो. आता तसे वाटत नाही. संग्रहातील पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी ही अखेर एक संहिताच आहे; आणि संहिता म्हटली की पाठचिकित्सा आलीच.

वनपिंगळ्याचे उदाहरण घ्यावे. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर १९१४ हे साल आणि मांडवी हे तापीकाठचे गाव नोंदलेले होते. हे गाव आमच्या तलासरीच्या उत्तरेस, आजच्या गुजरातेत. पामेला रासमुसेन यांनी नमुना तपासला, तेव्हा तो जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला, पुढे चोरून नव्याने भरलेला पक्षी निघाला. ही खोटी नोंद बाजूला सारून शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत आढळला. नमुना न तपासता नुसती चिठ्ठी टंकली असती, तर तेच असत्य जगभर पोहोचले असते.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०२२ मध्ये आपला आभासी वनस्पतिसंग्रह खुला केला, याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र अशा प्रत्येक कामात मूळ पाठ आणि संपादकाची टीप वेगळी राहिली पाहिजे. जुन्या चिठ्ठीवर 'उंबरगाव, जिल्हा ठाणे' असे असेल, तर ती चूक नव्हे. १९६० पर्यंत उंबरगाव ठाण्यातच होते. डहाणूही २०१४ पर्यंत होते. कोणी उत्साहाने ते 'दुरुस्त' केले, की काळाची खूण पुसली जाते. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांनी तीत कोणी आपली ओवी घालू नये, असेही बजावले होते. ती शिस्त इथेही हवी.

नमुने अगणित, माणसे मोजकी. एवढी चिकित्सा करणार कोण, हा आक्षेप रास्त आहे. निदान चिठ्ठीचे स्वच्छ छायाचित्र नोंदीला जोडलेले असावे. चिकित्सा पुढच्या पिढीलाही करता येईल.

एक गोष्ट मात्र पुढच्या पिढीवर सोडता येणार नाही. चिठ्ठीवर लॅटिन नाव असते, संग्राहकाचे असते. रानातली वाट दाखवणाऱ्याच्या बोलीतले नाव बहुतेकदा नसते. आमच्या वर्गांत वारली, धोडिया, कोकणा घरांतली मुले बसतात. त्यांच्या आज्यांना ही नावे ठाऊक आहेत. नोंदीत बोलीनावासाठी एक रकाना ठेवावा, गाव आणि बोली यांसह. तो भरण्याचे काम भाषेच्या विभागांचे आहे, आणि ते आम्ही मागून घेतले पाहिजे.