डोंगरातली पहिली शर्यत: किलोमीटर फसवतात

पावसाळा सरला की सह्याद्रीत डोंगरवाटांवरच्या शर्यतींना, म्हणजे ट्रेल रनिंगला, बहर येतो. सिंहगड, राजगड, तोरणा यांना जोडणाऱ्या वाटेवर ट्रेकर मंडळींच्या बरोबरीने आता छातीवर क्रमांक लावलेले धावपटूही दिसतात. शहरातल्या डांबरी रस्त्यावर दहा किंवा एकवीस किलोमीटर धावून झाले की अनेकांना डोंगर खुणावू लागतो. हे स्वागतार्हच आहे. मधुमेह, रक्तदाब आणि वाढते वजन घरोघरी असताना चाळिशीतली माणसे पहाटे उठून डोंगर चढत असतील, तर त्यांना अडवण्याचे काहीच कारण नाही. मात्र डोंगरातली शर्यत म्हणजे मातीवरची मॅरेथॉन नव्हे, हे नाव नोंदवण्याआधी कळलेले बरे.

पहिला घोळ अंतराचा. रस्त्यावर पंधरा किलोमीटर दीड तासात पूर्ण करणारा धावपटू डोंगरातही तोच हिशेब मांडतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा सांगितला होता: चालताना दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. त्या हिशेबाने पंधरा किलोमीटर आणि हजार मीटर चढाई असलेल्या वाटेला पावणेपाच तास लागतात. धावपटू चालणाऱ्यापेक्षा वेगात जाईल, पण घसारा, कातळ आणि निसरडी पायवाट असेल तर फार वेगात नाही. पाणी किती घ्यायचे, काय खायचे, ऊन कधी लागेल, हेडटॉर्च लागेल का, हे सगळे किलोमीटरवर नव्हे, तासांवर ठरते. म्हणून पहिली शर्यत निवडताना अंतराच्या आधी एकूण चढाई पाहावी, आणि दोन्ही आकडे छोटे असलेली शर्यत निवडावी.

दुसरा घोळ उताराचा. चढावर दम लागतो म्हणून सगळे चढाची तयारी करतात. स्नायूंची खरी नासधूस मात्र उतरताना होते. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. या प्रकारच्या आकुंचनात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि एक ते तीन दिवसांनी जिना उतरणेही नकोसे होते. दिलासा असा की स्नायू हे लवकर शिकतात. मध्यम उताराचा सराव झाला की पुढच्या खेपेला तेवढ्याच उताराने बरीच कमी इजा होते. म्हणून शर्यतीच्या आधी दीड-दोन महिने आठवड्यातून एकदा एखादी टेकडी चढून नीट उतरावी, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत पाय मोकळे ठेवावेत. शर्यतीनंतर लघवी चहाच्या रंगाची झाली, कमी झाली किंवा पाय सुजून असह्य दुखू लागले, तर ती साधी अंगदुखी नाही. तुटलेल्या स्नायूंतले द्रव्य मूत्रपिंडावर येत असते. अशा वेळी घरी मालिश करत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

यातूनच वेदनाशामक गोळ्यांचा मुद्दा येतो. ‘आधीच एक घेऊन ठेवलेली बरी’ असे म्हणत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊन धावणारे कमी नाहीत. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच आखडतो. या गोळ्या तो सुरळीत ठेवणारी यंत्रणाच बंद पाडतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घ अंतराच्या ८९ धावपटूंपैकी काहींना आयब्युप्रोफेन आणि काहींना नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी दिली होती. मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झालेल्यांचे प्रमाण आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांत ५२ टक्के, तर इतरांत ३४ टक्के निघाले. अभ्यास छोटा आहे, पण दिशा स्पष्ट आहे. धावण्याआधी आणि धावताना या गोळ्या नकोत.

पाण्याबाबत दोन्ही टोकांचा धोका आहे. कमी पिणाऱ्याला चक्कर येते, पायात गोळे येतात. पण तहान नसताना घटाघटा पाणी पिणाऱ्याच्या रक्तातले सोडियम घसरू शकते. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांत ते कमी आढळले होते. डोकेदुखी, मळमळ, बोटे फुगणे, गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे. अशा माणसाला ‘पाणी कमी पडले असेल’ म्हणून आणखी पाणी पाजणे जिवावर बेतू शकते. तहान लागेल तसे प्यावे आणि सोबत खारे शेंगदाणे, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, चिक्की असे काही खात राहावे. जलसंजीवनीचे पाकीट घ्यायचे तर त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावे.

उन्हात धावणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. आधी थंड करणे, मग हलवणे, हा क्रम विसरू नये. सावलीत झोपवून अंगावर मिळेल तेवढे गार पाणी ओतावे, वारा घालावा. १०८ ची रुग्णवाहिका पायथ्याशी थांबते. डोंगरावरची पहिली अर्धी घटका सोबत्यांच्याच हातात असते.

आता तंदुरुस्तीच्या दाखल्याविषयी. अनेक शर्यतींना तो लागतो, आणि तो कसा मिळतो हे सर्वांना ठाऊक आहे. छातीला नळीही न लावता मारलेला शिक्का धावपटूला वाचवत नाही, फक्त आयोजकाची फाइल पूर्ण करतो. भारतीयांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो. धावताना छातीत दाब, बेशुद्ध पडणे, घरात कमी वयात अचानक मृत्यू, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांनी विचारले पाहिजे आणि धावपटूने लपवता कामा नये. ताप येऊन गेला असेल तर अंगात पूर्ण ताकद येईपर्यंत शर्यत विसरावी. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात.

आयोजकांची जबाबदारी याहून मोठी आहे. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत हवामान अचानक पालटले. गारा, पाऊस आणि वादळी वाऱ्यात १७२ पैकी २१ धावपटू दगावले. त्यांत नवखेच नव्हे, नामवंत धावपटूही होते. वारा अडवणारे जाकीट तिथे सक्तीचे नव्हते, आणि एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत आसरा दिला म्हणून ते वाचले. सह्याद्रीतले संकट वेगळे असेल: ऊन, धुके, कड्यावरचे आग्यामोहोळ, वाटेवरची घोणस किंवा फुरसे. धडा मात्र एकच. शिटी, टॉर्च, पाणी, चार्ज केलेला मोबाइल हे सक्तीचे हवे आणि ते सुरुवातीच्या रेषेवर तपासले जावे. शेवटच्या धावपटूमागून चालणारा स्वयंसेवक, ठरावीक वेळेत न पोहोचलेल्याला थांबवण्याचा अधिकार आणि हवामान बिघडले तर शर्यत रद्द करण्याची तयारी हवी. प्रवेशशुल्क भरण्याआधी हे प्रश्न विचारणे हा धावपटूचा हक्क आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो मनाचा. महिनोन्‌महिने तयारी करून, सगळ्यांना सांगून गेलेल्या माणसाला मधूनच परतणे अपमानाचे वाटते. ट्रेकिंगच्या जगात मात्र खिंडीतून माघारी फिरलेल्याला कोणी हसत नाही. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतो. धावपटूंच्या गटांनी पदकवाल्यांच्या फोटोंबरोबर वेळीच थांबलेल्यांचेही कौतुक करायला शिकले, तर पहिली शर्यत अनेकांची शेवटची ठरणार नाही.