सात टिचक्या
अँड्रॉइड फोनच्या पोटातले गुप्त दालन कसे उघडावे, हे आमच्या नाशकातल्या पोरासोरांनाही मुखोद्गत आहे. 'बिल्ड नंबर'वर सात टिचक्या मारल्या की 'डेव्हलपर ऑप्शन्स' हजर! हा शोध गल्लोगल्ली पेढ्यासारखा वाटला जातो. पण त्याच यंत्रात देवनागरी कळफलक आहे, मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो, हे कोण कोणाला सांगतो? १८४० पासून सार्वजनिक वाचनालय मिरवणारे हे गाव कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, मराठीच्या शुभेच्छा रोमन लिपीत धाडते! आम्ही मास्तरमंडळीही त्यात आलोच. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अक्षरे मात्र कुलुपातच. वाचकहो, यंदा शेजारी फराळाचे ताट द्याल, तेव्हा त्यांच्या फोनवर मराठी कळफलकही लावून द्या.