अडीचशे लिटरचं विरजण

सुरुवातीलाच एक व्हायवाचा प्रश्न. घरातला चार फुटी फिशटँक हॉलमधून आतल्या खोलीत न्यायचा आहे. अंतर जेमतेम बावीस पावलं. या सगळ्यात सर्वांत जपून न्यायची वस्तू कोणती?

हा प्रश्न मी कँटीनमध्ये टाकून पाहिला. मेकॅनिकलवाला म्हणाला, "काच." सिव्हिलवाला म्हणाला, "काच सोड, खालचा स्लॅब बघ." कॉम्प्युटरवाल्याने मोबाईलमधून मान वर न काढता सल्ला दिला, "नवा ऑनलाइन मागव ना!" एकजण बिचारा "मासे" म्हणाला. तो उत्तराच्या जवळ पोचला, पण मार्क अर्धेच.

माझ्या मते बरोबर उत्तर आहे, फिल्टरमधला तो तपकिरी, बुळबुळीत, हात लावायला किळस येईल असा स्पंज! हसू नका. हे मत मी फुकटात कमावलेलं नाही. त्याची किंमत एका माशाने मोजली आहे.

गोष्ट बारावीनंतरच्या सुट्टीतली. आमच्याकडे एक वास्तुतज्ज्ञ आले आणि त्यांनी सांगितलं, पाणी ईशान्येला पाहिजे. झालं! टँक हलवायचं ठरलं. सुट्टीत रिकामा असल्यामुळे प्रोजेक्ट माझ्याकडे आला. मी तो अगदी मनापासून केला. मासे बादलीत काढले, पाणी सगळं ओतून दिलं, खडी गरम पाण्याने तीनदा धुतली, काच आतून घासली आणि फिल्टरचा स्पंज तर नळाखाली धरून असा पिळला, असा पिळला की नव्यासारखा पांढरा! मग ताजं पाणी भरून मासे सोडले. टँक शोरूममधल्यासारखा दिसत होता. आईने शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावून दाखवला.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. चौथ्या दिवशी मासे तोंड वर काढून धापा टाकायला लागले. सहाव्या दिवशी सकाळी आमचा ऑस्कर तळाशी आडवा पडलेला. दादाने दहावीत असताना आणलेला, बोटाएवढा होता तेव्हापासूनचा. दादा तेव्हा बंगलोरला होता. त्याला फोनवर सांगताना माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही.

आजी एवढंच म्हणाली, "अरे बाळा, भांडं घासलंस ते ठीक. पण विरजणसुद्धा धुऊन टाकलंस, तर दही लागणार कशाचं?"

तिने ते सहज म्हटलं असेल, पण मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. थोडं केमिस्ट्री-बायोलॉजी झेला. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतात. बंद टँकमध्ये तो साठला तर मासे स्वतःच्याच विषात मरतात. ते मरत नाहीत, कारण स्पंजवर आणि खडीवर जिवाणूंचा एक चिकट थर बसलेला असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरंच निरुपद्रवी. सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. पुस्तकांत दुसऱ्या पायरीचं श्रेय कित्येक वर्षं नायट्रोबॅक्टरला मिळत होतं. १९९८ साली लक्षात आलं, की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा नायट्रोस्पायरा सापडला! सिव्हिलवाल्यांनो, तुमच्या एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगमधला अॅक्टिव्हेटेड स्लज आठवतोय ना? तिथेही हीच नायट्रिफिकेशनची मंडळी कामाला असतात. म्हणजे प्रत्येक फिशटँकमध्ये एक छोटा ट्रीटमेंट प्लांट असतो, आणि आपण त्याला घाण म्हणून मोरीत सोडतो.

यातली गोम अशी, की हे जिवाणू फार हळू वाढतात. इतर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना त्यासाठी बराचसा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. नव्या टँकमध्ये त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे जातात. मी ते वीस मिनिटांत धुऊन टाकलं होतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलेलं काम केलं.

आता दुसरी गोष्ट, या दिवाळीच्या सुट्टीतली. आजी बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दोन महिने आतल्या खोलीत पलंगावर. टीव्ही तिला आवडत नाही, वाचायला चष्म्याचा त्रास. एक दिवस म्हणाली, "मासे तरी दिसले असते इथून." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. कारण या वेळी मासे मेले असते तर ते आजीच्या डोळ्यांसमोर मेले असते.

पण या वेळी आधी वही काढली. टँक चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे नऊ घनफूट, म्हणजे काठोकाठ सुमारे २५५ लिटर. वरची मोकळी जागा आणि खडी वजा करून पाणी साधारण २१० किलो. दहा मिलिमीटरची काच पन्नासेक किलो, खडी पंचेचाळीस, वर स्टँड. एकूण सव्वातीनशे ते साडेतीनशे किलो, तेही अर्ध्या चौरस मीटरच्या जरा वर जागेत. आय.एस. ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी लाइव्ह लोड धरतात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो. आमचा आकडा निघाला त्याच्या तिप्पट! मी घाबरलो. सिव्हिलवाल्या मित्राने समजावलं, की तो आकडा अख्ख्या खोलीभर पसरलेल्या वजनासाठी असतो. पाचजण एका कोपऱ्यात चिकटून उभे राहिले म्हणून स्लॅब कोसळत नाही. तरी टँक खोलीच्या मध्यात नको, खाली बीम असलेल्या भिंतीला लागून ठेव. आणि जुना वाडा असेल, लाकडी तुळया असतील, तर मित्राला नाही, खऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं.

दुसरा नियम, पाणी असताना टँक उचलायचा नाही. "थोडंसं राहू दे रे तळाला" हा सल्ला हमखास कोणीतरी देतं. दोन इंच पाणी म्हणजे एक घनफूट, म्हणजे २८ किलो, आणि ते एका जागी स्थिर राहत नाही. एक कोपरा वर झाला की सगळं पलीकडे धावतं, काचेला पीळ बसतो आणि सिलिकॉनचा जोड सुटतो. खडीसुद्धा काढायची. स्टँडवर थर्मोकोलची शीट टाकायची, लेव्हल बघायची. एवढं आपल्याला कोणी न सांगता जमतं. शेवटी इंजिनिअर आहोत.

पण खरी परीक्षा स्पंजची. या वेळी सायफनने सहा बादल्या जुनं पाणी बाजूला काढलं. मासे त्याच पाण्यात ठेवले, एअर पंप चालू ठेवून, वर झाकण टाकून. फिल्टरचा स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा दुसऱ्या बादलीत, जुन्याच पाण्यात बुडवून, त्यातही बुडबुडे सोडले. कारण या जिवाणूंना सतत ऑक्सिजन लागतो, बंद फिल्टरमध्ये काही तास कोंडले तर तेही मरायला लागतात. खडी जुन्या पाण्यात नुसती विसळली. मग चार मित्रांनी टँक उचलला. खोलीच्या दारातून आत येताना आजी पलंगावरून म्हणाली, "मोरया!" उचलणाऱ्यांना हसू आवरेना, टँक पडता पडता वाचला.

नव्या जागी आधी जुनं पाणी घातलं, मग अँटी-क्लोरीन टाकलेलं आणि तेवढ्याच तापमानाचं ताजं पाणी हळूहळू. फिल्टर लगेच चालू. दोन दिवस खाणं नाही, पुढे आठवडाभर अगदी चिमूटभर. दहा दिवस रोज अमोनियाची टेस्ट किट. एकही मासा गेला नाही. पाणी थोडं गढूळ दिसायचं, आईला काकूंना बोलवावंसं वाटलं नाही. पण सगळे जिवंत होते!

आता मूळ मुद्दा. कोणी म्हणेल, चार माशांसाठी एवढा खटाटोप? मी म्हणतो, हो. तळ्यातला मासा पाणी बिघडलं तर दुसरीकडे जाऊ शकतो. आपण त्याला काचेत कोंडलं आहे, तेव्हा त्याचं पाणी ही आपली जबाबदारी. वास्तूसाठी, सोफ्यासाठी, पडद्याच्या रंगासाठी टँक हलवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दर वेळी धोका त्यांचा आणि हौस आपली. कोणी म्हणेल, हल्ली जिवाणूंच्या बाटल्या मिळतात. मिळतात, काही चांगल्याही असतात. पण घरात उत्तम विरजण असताना ते मोरीत ओतून बाजारात जाणं याला काय म्हणायचं?

आणि आपल्याबद्दल थोडं. चार वर्षांत आपल्याला वजन काढायला शिकवतात, ताण काढायला शिकवतात. आकड्यात बसतं ते आपण जपतो, बसत नाही ते घाण समजून धुतो. पहिल्या वेळी माझ्या हातून काच फुटली नाही, स्लॅबला तडा गेला नाही. इंजिनिअरिंगच्या हिशेबाने ते काम पूर्ण यशस्वी होतं. फक्त ऑस्कर मेला. उद्या आपण मशीन हलवू, कारखाने हलवू, कदाचित अख्ख्या वस्त्याही हलवू. तेव्हा "नवीन, स्वच्छ, पहिल्यापेक्षा चांगलं" करून देण्याची घाई होईल. त्या वेळी एवढं विचारायचं, की इथलं विरजण कशात आहे?

असो. लेक्चर पुरे. आजी आता काठी घेऊन चालते. हॉलमध्ये येऊन बसते, मग मासे बघायला परत आत जाते. बाबा परवा म्हणाले, "टँक पुन्हा हॉलमध्ये आणायचा का?"

मी म्हटलं, "खुर्ची आत नेऊ या."

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल