वेडाला दूर न लोटणारा अल्बम

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम मार्च १९७३मध्ये आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९८८पर्यंत एकूण ७४१ आठवडे राहिला. त्याच्या आवरणावरचा लोलक आज टी-शर्टांवर मिरवतो. त्यातली घड्याळांची घणघण आणि नाण्यांचा खणखणाट लावून हौशी मंडळी नव्या स्पीकरची परीक्षा घेतात. ॲबे रोड स्टुडिओत ॲलन पार्सन्सच्या हाताखाली झालेले ते ध्वनिमुद्रण आहेच तसे. पण उत्तम ध्वनिमुद्रण झालेले कितीतरी अल्बम विस्मरणात गेले. हा टिकला तो त्याच्या विषयामुळे.

माणूस कशाने मोडतो, हा तो विषय. सगळी गीते लिहिणारा रॉजर वॉटर्स तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. निसटणारा वेळ, पैशाची हाव, मरणाची भीती, माणसामाणसांतले वैर अशी ओझी गाण्यागणिक वाढतात आणि शेवटी मनाचा तोल जातो. हे अनुभवातून आले होते. बँडचा पहिला गीतकार-गायक सिड बॅरेट याचे मन ढासळत गेले आणि १९६८च्या जानेवारीत एका कार्यक्रमाला निघालेल्या सोबत्यांनी त्याला वाटेत घ्यायचे नाही असे ठरवले. पुढे तो बँडबाहेरच गेला. 'ब्रेन डॅमेज' या गाण्यात वेडा आधी बाहेर हिरवळीवर असतो, मग घरात शिरतो आणि अखेरीस गाणाऱ्याच्या डोक्यातच येऊन बसतो. शहाणे आणि वेडे यांच्यातली भिंत तिथे पडते. ज्यांनी मित्राला मागे ठेवले त्यांनीच हे गायले, म्हणून त्यात उपदेशाचा सूर नाही.

अल्बममध्ये बोलके आवाज घालण्यासाठी वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओतल्या माणसांना विचारले. मरणाची भीती वाटते का? शेवटचा हात कधी उगारलात, आणि तेव्हा तुमचे बरोबर होते का? प्रसिद्ध गायक पॉल मॅकार्टनीनेही उत्तरे दिली. ती वापरली नाहीत. अल्बममधला शेवटचा मानवी आवाज आहे तो स्टुडिओचा दरवान जेरी ओड्रिस्कॉल याचा. प्रसिद्ध माणसापेक्षा खरे बोलणारा माणूस मोठा, हा निवाडा त्या निवडीतच आहे.

मानसिक आजाराविषयी आज आपण पूर्वीपेक्षा मोकळेपणाने बोलतो. तरीही आजारी माणसाकडे नातलगांचे येणे-जाणे कमी होते आणि नोकरीच्या ठिकाणी आजार लपवावा लागतो. अशा काळात हा अल्बम तुकड्यातुकड्याने ऐकणे म्हणजे त्याचे म्हणणेच टाळणे होय. सुटे 'मनी' ऐकले तर ते ठेक्याचे झकास गाणे वाटते. क्रमाने ऐकले तर ती हाव माणसाला कुठे नेते ते कळते. सुमारे ४३ मिनिटे लागतात. तेवढी द्यावीत, आणि ज्या माणसाला आपण टाळत आलो आहोत त्याची चौकशीही करावी.