सापसुरळीचे पाय आणि बाळाचे सहावे बोट

लोणारच्या विवरात उतरताना वाळक्या पाल्यात काही सळसळले की मुले “साप, साप!” म्हणत मागे सरतात. पुष्कळदा ती असते सापसुरळी. तिला विष नसते. नीट पाहिले तर चार आखूड पाय आणि पायांना बोटेही दिसतात. उल्केच्या आघाताने झालेले हे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर २००० सालापासून अभयारण्य आहे. तेव्हा दगड उचलणाऱ्या मुलाला आपणच थांबवायला हवे.

या सापसुरळीच्या भाईबंदांनी आपल्याला एक मोठी गोष्ट शिकवली आहे. पोटातल्या गर्भाच्या कुशीवर आधी बारीकसा फुगवटा येतो. त्याचाच पुढे पाय होतो. त्या फुगवट्याच्या मागच्या कडेला ‘सोनिक हेजहॉग’ नावाचे जनुक काही काळ काम करते आणि त्याच्या इशाऱ्यावर बोटे ठरतात. ऑस्ट्रेलियातल्या ‘हेमिएर्गिस’ सापसुरळ्यांत एका जातीला पाच बोटे, तर दुसरीला दोनच. संशोधकांनी त्यांचे गर्भ तपासले, तेव्हा कमी बोटांच्या जातींत हे जनुक लवकर थांबते असे दिसले. पिढ्यान्‌पिढ्या शरीर कसे बदलत जाते, त्याचा धागा असा गर्भातच सापडतो.

हेच जनुक माणसाचा हातही घडवते. गर्भारपणाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात बाळाचा हात आकाराला येतो. या जनुकाला चालू-बंद करणाऱ्या तुकड्यात बदल झाला, तर अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकते. असा बदल आईकडून येतो, तसाच वडिलांकडूनही.

तरीही सहा बोटांचे बाळ जन्मले की सुनेलाच विचारले जाते, “ग्रहणात काय चिरलेस?” ग्रहण कोणाच्या जन्ममरणासाठी लागत नाही, ही शिकवण तर आपल्या घरांत जुनीच आहे. मग बाळंतिणीच्या पदरात हा दोष कशाला?

आमचे सांगणे एवढेच. जादा बोट दोरा बांधून घरी गाळू नका, डॉक्टरांना दाखवा. आत हाड आहे की नाही, शस्त्रक्रिया लागेल का, केव्हा, ते त्यांना ठरवू द्या. आणि बाळाच्या आईला त्या दिवसांत प्रश्न नव्हे, मायेचे दोन शब्द द्या.