मुंबईत नोकरी लागली, पण रूम कुठं घ्यायची? कुर्ल्यात की डोंबिवलीत?

ऑफर लेटर आलंय. पगार बरा आहे, जॉइनिंग पुढच्या १ तारखेला आणि ऑफिसचा पत्ता बीकेसी. पोरगा लातूरचा असो, सांगलीचा असो की अकोल्याचा, ही बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर पडली की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. डोंबिवलीचे मामा म्हणतात, "मुंबईत भाडं भरायचं म्हणजे अर्धा पगार घरमालकाच्या हातात. आमच्याकडे बघ रूम." आधीच मुंबईत गेलेला मित्र म्हणतो, "लोकलमध्ये मरशील लेका, कुर्ल्यात आमच्यासोबत राहा."

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, हीच खरी पंचाईत.

त्यात मित्राचं "मरशील" हे नुसतं बोलण्यापुरतं राहिलेलं नाही. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ शेजारच्या रुळांवरून दोन खच्चून भरलेल्या लोकल एकमेकींना ओलांडून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या एका दिवसात चार जणांचा जीव गेला. यापुढच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील, असं रेल्वेनं त्यानंतर जाहीर केलं. दुसरीकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं आणि थेट बीकेसीच्या पोटातून जाणारी. त्यामुळं पाच वर्षांपूर्वी मामांनी मांडलेला हिशोब आज जसाच्या तसा चालत नाही.

'मुंबईत राहणं' म्हणजे नेमकं कुठं?

आधी एक गैरसमज दूर करू. ऑफिस 'शहरात' आणि घर 'उपनगरात' हे चित्र फोर्ट आणि नरिमन पॉइंटच्या जमान्यातलं आहे. आता नोकऱ्या बीकेसी, लोअर परळ, अंधेरीचं सीप्झ, पवई, गोरेगाव आणि पार ठाणे-बेलापूर रोडवरच्या ऐरोली-महापेपर्यंत पसरल्यात. कागदोपत्री बघायला गेलं तर खुद्द बीकेसीसुद्धा मुंबई उपनगर जिल्ह्यातच येतं.

म्हणून 'शहर की उपनगर' यापेक्षा कामाचा प्रश्न वेगळा आहे. घर आणि ऑफिस एकाच लाइनवर आहे का? आणि नसेल तर वाटेत किती वेळा गाडी बदलावी लागते?

उदाहरण घ्या. ऐरोलीला ऑफिस असेल तर ठाण्यात किंवा कोपरखैरणेत राहणारा माणूस ट्रान्स-हार्बरनं आरामात पोचतो. तोच माणूस 'शहरात राहायचं' म्हणून दादरला महागडी रूम घेऊन बसला, तर भाडंही जास्त आणि वर ठाण्याला गाडी बदलायची. याउलट ऑफिस सीप्झला आणि रूम विरारला असेल, तर आधी लोकलनं अंधेरी, मग तिथून मेट्रो १ नं मरोळ नाका, तिथून मेट्रो ३. नकाशावर हे सोपं दिसतं. पण प्रत्येक बदल म्हणजे जिना, पूल, रांग आणि पुढची गाडी हुकण्याची भीती. डोंबिवलीहून फोर्टला एकाच फास्ट लोकलनं तासाभरात पोचता येतं. तेवढाच तास दोन बदल करून काढला, तर तो अंगावर दीड तासासारखा येतो.

आता हिशोब मांडू

लोक भाड्यातला फरक बघतात आणि निर्णय घेऊन टाकतात. वेळेची किंमत कुणी लावत नाही. आपण लावू. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे आकडे घालून पुन्हा करा.

समजा, डोंबिवलीत वन बीएचके १८ हजारांना मिळतोय आणि ऑफिसपासून अर्ध्या तासावर तसाच ३८ हजारांना. भाड्यात २० हजार वाचतात. पण लांबून येताना पास, घर ते स्टेशन रिक्षा आणि स्टेशन ते ऑफिस शेअर रिक्षा धरून महिन्याला २ हजार जास्त जातात. म्हणजे खरी बचत १८ हजार. त्यासाठी रोज जाऊन-येऊन २ तास जास्त लागतात असं धरा. महिन्याचे २२ दिवस म्हणजे ४४ तास. १८ हजार भागिले ४४, तासाला साधारण ४०० रुपये.

म्हणजे लोकलमध्ये उभं राहण्याचे तुम्हाला तासाला ४०० रुपये मिळतायत. महिन्याला ६० हजार कमावणाऱ्याला ऑफिसात रोजचे ९ तास बसून तासाला सुमारे ३०० पडतात. त्याच्यासाठी मामांचा सल्ला तोट्याचा नाही. १ लाख २० हजारवाल्याला तासाला ६०० पडतात. त्यानं ४०० रुपयांसाठी रोज धक्के खाण्यात काही अर्थ नाही.

आणि हायब्रिड असेल तर? आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस, म्हणजे महिन्याला १३ दिवस आणि २६ जादा तास. प्रवासाचा खर्चही कमी होतो, त्यामुळं बचत तासामागं सातशेच्या वर जाते. इथं लांबचं घर चांगलंच परवडतं. शिवाय घरून काम करायला टेबल मांडण्याइतकी जागा मिळते, ती वेगळीच. फक्त हायब्रिडचं धोरण लेखी आहे की मॅनेजरच्या मर्जीवर, हे आधी एचआरला विचारा. 'सध्या तरी तीन दिवस' या वाक्यावर वन बीएचके घेऊ नये.

या हिशोबात एक गोष्ट बसत नाही. ते दोन तास बसून जातात की लटकून? पुस्तक वाचत, डुलकी काढत गेलेला तास आणि एका पायावर उभा राहून गेलेला तास यांची किंमत एक नाही. म्हणून जुने प्रवासी रूम बघताना स्टेशन बघतात. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बोरिवली, विरार इथून लोकल सुटतात, तिथं लवकर गेलं तर बसायला मिळण्याची शक्यता असते. मधल्या स्टेशनवर चढणाऱ्याला आत पाय ठेवायला मिळाला तरी पुष्कळ. त्यामुळंच काही जण आधी उलट्या दिशेच्या गाडीत बसून सुरुवातीच्या स्टेशनला जातात आणि त्याच गाडीनं सीट धरून परत येतात. यातही पंधरा-वीस मिनिटं जातात आणि पास त्या पुढच्या स्टेशनचा काढावा लागतो.

'स्टेशनपासून १० मिनिटं'

जाहिरातीतली ही १० मिनिटं पहाटे तीनला, मोकळ्या रस्त्यावर आणि स्वतःच्या बाइकवर मोजलेली असतात. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या कुणालाही विचारा, लोकलपेक्षा स्टेशनला पोचायलाच जास्त वेळ जातो. डोंबिवलीच्या शिळफाटा रोडची कहाणी तीच. एजंट लगेच सांगतो, "मेट्रो येतेय ना सर." येतेय, हे खरं. घोडबंदरच्या बाजूला मेट्रो ४ ची चाचणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. पण तुमचा करार ११ महिन्यांचा आहे. उद्याच्या मेट्रोचं भाडं आज देऊ नका, ज्या स्टेशनवरून आज माणसं चढतायत तेवढंच मोजा.

रविवारचा मेगाब्लॉक आणि जुलैतला पाऊसही मोजा. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की दादरचा माणूस उशिरा का होईना घरी पोचतो. बदलापूरच्या माणसाला ती रात्र कुठं काढायची हा प्रश्न पडतो.

जवळ राहण्याचीही किंमत आहे

एवढं वाचून कुर्ल्याचं पारडं जड वाटत असेल, तर थांबा. जवळ म्हणजे बहुतेकदा लहान. त्याच पैशात वन बीएचकेऐवजी एक रूम-किचन किंवा तिघांत एक फ्लॅट. 'बॅचलर नको', 'नॉनव्हेज नको' ऐकून घ्यावं लागतं ते वेगळं. भाड्याच्या पटीत डिपॉझिट आणि वर एजंटचं एक महिन्याचं भाडं, म्हणजे पहिला पगार हातात येण्याआधीच गावाकडून पैसे मागवायची वेळ येते. ज्याला दर महिन्याला घरी १५ हजार पाठवायचेत, त्याला तासाचा हिशोब सांगण्यात अर्थ नाही. त्याचा निर्णय खिशानं आधीच केलेला असतो.

करात काही सुटेल या आशेवरही राहू नका. जुन्या करप्रणालीत एचआरएच्या सुटीची मर्यादा मुंबईत राहणाऱ्याला पगाराच्या ५० टक्के आणि ठाणे-डोंबिवलीला ४० टक्के असा फरक आहे. पण नव्या करप्रणालीत ही सूटच नाही, आणि तुम्ही वेगळं कळवलं नाही तर नवीच लागू होते.

मुलींसाठी प्रश्न थोडा वेगळा

शिफ्ट रात्री उशिरा संपत असेल, तर भाड्याआधी परतीचा रस्ता बघावा लागतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर काम करायला महिलेची संमती लागते आणि तिच्या सुरक्षेची, घरापर्यंतच्या वाहनाची सोय करणं ही मालकाची जबाबदारी आहे. तेव्हा जॉइन होण्याआधीच विचारायचं, कॅब दारापर्यंत येते की ठाण्याच्या अलीकडेच थांबते? उत्तर मेलवर घ्यायचं. महिला डबा रात्री अकराला कितपत भरलेला असतो, हे त्याच वेळी परतणाऱ्या एखाद्या ताईला विचारून बघा. तिच्याइतकी खरी माहिती एजंटकडं नसते.

स्वस्त रूमची कागदपत्रं

लांबच्या पट्ट्यात एखादी रूम आजूबाजूच्यापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल, तर इमारतीची चौकशी करा. बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जण गेले. भाडेकरूला वाटतं, आपलं काय, आपण तर सोडून जाऊ. पण पाडकामाची नोटीस आली की डिपॉझिट परत मागायला मालक सापडत नाही. लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं राज्यात बंधनकारक आहे. मालक "नोंदणी कशाला, आपली माणसं आहोत" म्हणाला, तर दुसरी रूम बघा.

मग करायचं काय?

आमचं मत विचाराल तर नव्या माणसानं पहिले ११ महिने ऑफिसच्या लाइनवर, जमेल तितकं जवळ, शेअरिंगमध्ये काढावेत. कारण प्रोबेशनमध्ये ऑफिस बदलू शकतं, शिफ्ट बदलू शकते, नोकरीसुद्धा बदलू शकते. वन बीएचके, नवं फर्निचर, गावाकडून आईवडील आणणं हे सगळं दुसऱ्या करारात. बायको-मुलं सोबत येणार असतील तर मात्र शाळा आधी ठरवा आणि घर शाळेभोवती बघा. दोन तास मोठ्या माणसानं उभं राहणं एकवेळ चालेल, पण पहिलीतल्या पोराला स्कूलबसमध्ये तासभर बसवणं चालणार नाही. आणि दोघंही नोकरी करणार असाल, तर वरचा हिशोब दोनदा करा.

टोकन देण्याआधी एक आठवडा मामांकडेच मुक्काम ठोका. सोमवारी सकाळी साडेआठला डोंबिवली स्टेशनवर उभे राहा, पहिल्या फास्ट लोकलमध्ये चढता येतं का बघा, कुर्ल्याला उतरता येतं का तेही बघा, आणि बीकेसीच्या गेटवर पोचल्यावर घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवा. संध्याकाळी तसंच परत या. शुक्रवारपर्यंत पाच आकडे तुमच्या हातात असतील. मामांना राग येणार नाही, मामी डबापण देतील.